इंद्रायणीकांठचें पाणी

लोणावळ्याजवळ सह्याद्रींत उगम पावून तुळापुरास भीमेला मिळणारी इंद्रायणी आमच्या चऱ्होलीवरून वाहते. पाऊस पूर्वींही चारच महिने पडे. मग उन्हाळ्यांत विहिरींस पाणी कोठून येई? झाडांच्या मुळांनीं भुसभुशीत केलेल्या मातींतून तें खालीं मुरे व खडकाच्या भेगांत सांठून राही.

१९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पिंपरी-चिंचवडचीं शेतें कारखान्यांनीं व्यापिलीं. १९९७ सालीं चऱ्होली महापालिकेंत आली आणि आमच्याही शेतांवर इमारती उठल्या. डांबर व फरशी पाणी मुरूं देत नाहींत. म्हणून पाऊस तितकाच पडूनही पूर लवकर चढतो व विहिरी लवकर आटतात.

हें भवितव्य अटळ नव्हे. येशूसंघीय फादर हर्मन बाकर ह्यांच्या पुढाकारानें १९९३ सालीं पाणलोट विकासाची संस्था निघाली. तिच्या साह्यानें संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीच्या ग्रामस्थांनीं डोंगरावरील मोकाट चराई थांबविली, चर खणले, झाडें लाविलीं. विहिरींस पुन्हां पाणी आलें.

वाचकहो, आमच्याकडे डोंगर नाहीं, पण अंगण व छप्पर आहे. पावसास बोल लावण्यापूर्वीं त्याच्या वाटेंत आम्ही काय पसरिलें आहे, तें पाहणें आमचें कर्तव्य होय.