दक्षिणा, शिष्यवृत्ती आणि इतिहासाचा विद्यार्थी

मराठ्यांच्या इतिहासाची साधने कोणी शोधली आणि कोणी छापली, हे आपण अभिमानाने सांगतो. शोधणारा त्या काळात जेवत कुठे होता, त्याच्या खोलीचे भाडे कोण भरत होते, हे मात्र सहसा विचारत नाही. इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि दरवर्षी नव्या वर्गासमोर उभे राहताना हाच प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटत गेला. कोणता इतिहास लिहिला जातो, हे पुष्कळ अंशी वाचत बसण्याची सवड कोणाला मिळते यावर ठरते. महाराष्ट्रात या सवडीलाही इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा दक्षिणेपर्यंत मागे जातो.

सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावला ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे हा प्रघात पहिल्या बाजीरावाने पुण्यात आणला. नानासाहेबांच्या काळात श्रावणातल्या दक्षिणेसाठी दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण येऊ लागले, खर्च लाखांवर गेला. विद्येला राज्याने पोसावे, हे तत्त्व त्यात होते. पण ती विद्या कोणाची, हा प्रश्न जन्मानेच निकालात निघालेला होता.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तीच पुढे पूना कॉलेज आणि १८६४ पासून डेक्कन कॉलेज झाली. १८४९ मध्ये लोकहितवादींसह पुण्यातल्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातन्यांनी गहजब केला. जोतीराव फुले त्या वेळी सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि पुढे महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. श्रावणात वाटला जाणारा पैसा असा कॉलेजच्या वाचनालयापर्यंत पोचला.

या फेलोंपैकी एक महादेव गोविंद रानडे. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत, १८६२ मध्ये, ते बी.ए. झाले. मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये आला. फेलोशिपने तो ग्रंथ लिहून दिला असे कोणी म्हणणार नाही. परंतु वाचनाची बैठक पक्की होण्याच्या वयात पोटाची चिंता तिने थोडी दूर ठेवली. पेशव्यांच्या दानाची परंपरा एका विद्यार्थ्यापर्यंत आली आणि त्यानेच पुढे मराठी सत्तेचा अर्थ लावला, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

त्याच पैशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. ते स्वीकारले गेले नाही. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे तसे झाले, असे फुल्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांचा पोवाडा प्रसिद्ध केला. त्यातले शिवाजी महाराज शूद्र-शेतकऱ्यांचे, तर रानड्यांच्या ग्रंथात राजकारणामागे संतांनी घडवलेला समाज उभा आहे. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात हे दोन्ही प्रवाह आजही जिवंत आहेत. त्यांतला एक विद्यापीठाच्या आधाराने वाढला, दुसऱ्याला तो आधार नव्हता, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आधाराचे दार थोडेथोडे उघडत गेले. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे इतर जातींसाठीही वसतिगृहे उभी राहिली. राहण्या-जेवणाची सोय हे शिक्षणाचेच अंग आहे, हे त्यांना उमगले होते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. तिथला त्यांचा १९१५ चा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतातील व्यापारावर, म्हणजे इतिहासाचाच होता. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा तिकडे जायला १९२० उजाडले. इरावती कर्वे यांना तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. एके काळी स्त्रीला ज्या दक्षिणेत जागाच नव्हती, तिचे नाव अशा रीतीने एका स्त्रीच्या संशोधनाशी जोडले गेले.

देणगी कुठून निघते आणि कुठे फळते, याचेही एक उदाहरण आहे. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या पैशातून तिथे त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. १८९७ मध्ये ती यदुनाथ सरकारांना मिळाली. त्यासाठी केलेल्या अभ्यासातून औरंगजेबाच्या काळातील हिंदुस्थानवरचे त्यांचे पहिले पुस्तक १९०१ मध्ये निघाले. पुढे त्यांनीच शिवचरित्र लिहिले. महाराष्ट्रात त्यावर कितीही वाद झाले, तरी ते दुर्लक्षून कोणाला पुढे जाता आलेले नाही.

मात्र पैसा हा आधाराचा अर्धाच भाग. इतिहासाच्या विद्यार्थ्याला लिपी लागते, दप्तर उघडून देणारा माणूस लागतो, आणि चुकीचे वाचन दुरुस्त करणारा शेजारी लागतो. १९१० मध्ये राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, ते हीच उणीव भरून काढण्यासाठी. गो. स. सरदेसाई यांनी मदतनिसांना घेऊन १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. ते खंड हाताशी आले आणि मोडी न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही अस्सल कागदापर्यंत पोचण्याची एक वाट मिळाली. पण निवड ती निवडच. उरलेले कागद रुमालांत बांधलेलेच आहेत, आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

आजच्या विद्यार्थ्याला सोयी नाहीत असे नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळते. ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. १९७२ मध्ये स्थापन झालेली भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. ज्या फुल्यांचे नाटक कमिटीने नाकारले, त्यांच्याच नावाने आज एक संस्था विद्यार्थ्यांना पैसे देते, ही गोष्ट साधी नाही.

अडचण आहे ती वेळेची. हा आधार मुख्यतः पीएच.डी.च्या टप्प्यावर येतो. तिथवर टिकून राहायचे ते मात्र स्वतःच्या बळावर. एम.ए.च्या दोन वर्षांत नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला अस्सल कागद हाताळायला मिळावा, म्हणून तिला महिनाभर पुण्यात ठेवण्याची तरतूद सहसा कोणाकडे नसते. माझ्या वर्गातली तल्लख मुले याच टप्प्यावर स्पर्धा परीक्षांकडे किंवा बी.एड.कडे वळताना मी पाहिली. त्यांना इतिहास नकोसा झाला नव्हता. घरून पैसे येणे थांबले होते.

म्हणून मोठ्या योजनांइतकीच एक लहान गोष्ट मला हवीशी वाटते. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेत आले आहेत. त्या वर्गांना जोडून एम.ए.च्या मुलांसाठी महिनाभर राहण्या-जेवणाची सोय आणि रोज एक तास सोबत बसून वाचून घेणारा जाणता माणूस, एवढे प्रत्येक विद्यापीठाला जमण्यासारखे आहे. आपल्या तालुक्याचा रुमाल त्या तालुक्यातल्या मुलीने सोडला, तर ती त्यात काय वाचेल हे आज आपल्याला सांगता येणार नाही. ते कळावे म्हणूनच तिच्या त्या एका महिन्याचा खर्च कोणीतरी उचलायला हवा.