आहारातील कॅल्शियम

आहारातील कॅल्शियम : रोजच्या जेवणातून शरीराला मिळणारे कॅल्शियम हे खनिज. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेल्या एका टक्क्यावर स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठणे, हृदयाचे ठोके अशी कामे चालतात. रक्तातील त्याची पातळी शरीर काटेकोरपणे सांभाळते आणि जेवणातून पुरवठा कमी पडला की हाडांतून काढून घेते. त्यामुळे वर्षानुवर्षे कमतरता असली, तरी रक्ततपासणीतला आकडा बहुधा ठीकच दिसतो. झीज लक्षात येते ती पुष्कळदा उतारवयात, मनगट किंवा खुबा मोडल्यावर.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम हवे, अंगावर पाजणाऱ्या मातांना व रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १२०० मि.ग्रॅ. यापूर्वी, २०१० मध्ये, प्रौढांसाठी हाच आकडा ६०० होता.

महाराष्ट्राच्या ताटात कॅल्शियमची खरी उणीव मुख्य धान्यामुळे येते. १०० ग्रॅम ज्वारी किंवा बाजरीत ३० मि.ग्रॅ.च्या आसपास, गव्हात थोडे अधिक आणि पांढऱ्या तांदळात १० मि.ग्रॅ.हूनही कमी कॅल्शियम असते. नाचणीत ते सुमारे ३५० मि.ग्रॅ. असते, रोजच्या इतर कोणत्याही धान्यात इतके नाही. कोकणात, कोल्हापूरच्या डोंगरी भागात आणि नाशिक-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर (तिथे तिला नागली म्हणतात) तिची भाकरी व आंबील पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला गरिबाचे धान्य म्हणून बाजूला सारणे हे पोषणाच्या दृष्टीने मोठे नुकसान ठरले. नाचणीतील कॅल्शियम बरेचसे दाण्याच्या बाहेरच्या थरात असते. म्हणून भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलेल्या पांढऱ्या सत्त्वात ते पुष्कळ घटते. लहान मुलांना हेच सत्त्व कौतुकाने दिले जाते, तेव्हा मोड आणून, सुकवून, कोंड्यासकट दळलेले पीठ देणे अधिक हिताचे. मोड आल्याने कॅल्शियम बांधून ठेवणारे फायटेटही कमी होते.

पदार्थात कॅल्शियम किती आहे आणि शरीराच्या अंगी किती लागते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुधातील कॅल्शियमपैकी सुमारे ३० टक्के शोषले जाते, तर पालकातील जेमतेम ५ टक्के, कारण पालकातील ऑक्झलेट त्याला जखडून ठेवते. अळूच्या पानांचे आकडेही तक्त्यात भारी दिसतात. परंतु घशाला खाज आणणाऱ्या त्यांतल्या सूक्ष्म सुया कॅल्शियम ऑक्झलेटच्याच असतात. मेथी आणि शेवग्याचा पाला त्या मानाने पुष्कळ बरे. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. ती वर्षातून एकदाच व्हावी, असे काही नाही.

गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मि.लि. दुधातून सुमारे १२० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते. साय काढल्याने ते घटत नाही. तुपात मात्र ते जवळजवळ नसते. दूध न पचणाऱ्यांना दही बहुधा सोसते. ताकात पाणी किती घातले, यावर त्याचे मोल ठरते. तिळात १०० ग्रॅमला हजार मि.ग्रॅ.हून अधिक कॅल्शियम असते, परंतु ते मुख्यतः सालीत असते आणि तिथेच ऑक्झलेटही असते. शिवाय तीळ खाल्ला जातो चमचाभर. बाळंतिणीच्या लाडवांतले अळीव, कुळथाचे पिठले, राजगिरा हेही उपयोगी. किनाऱ्यावर काट्यासकट खाल्ली जाणारी लहान मासळी आणि सुका जवळा यांचा वाटा मोठा आहे.

एक पेला दूध, नाचणीच्या दोन मोठ्या भाकऱ्या, मेथीची भाजी आणि वाटीभर दही एवढ्यात प्रौढाची गरज जवळपास भागते. आतड्यातून शोषणासाठी ड जीवनसत्त्वही लागते आणि ते मुख्यतः त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून तयार होते. जेवणात मीठ फार असेल, तर लघवीवाटे कॅल्शियम अधिक जाते. लोणचे-पापडाच्या सवयीचा या दृष्टीने विचार क्वचितच होतो.

मूतखडा झाला की अनेकजण दूध बंद करतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असल्याने हा समज रुजला असावा. प्रत्यक्षात जेवणातील कॅल्शियम हे ऑक्झलेटला आतड्यातच पकडते आणि ते मूत्रपिंडापर्यंत कमी पोहोचते. म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून दूध-दही सोडणे अशा रुग्णांना अपायकारक ठरू शकते. गरोदर स्त्रियांना सरकारी आरोग्य केंद्रांतून कॅल्शियमच्या व लोहाच्या अशा दोन्ही गोळ्या मिळतात. कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते, म्हणून त्या एकाच वेळी न घेता मध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवतात.