साडेचारशे शेअर कुठे गेले?

आमचे अब्बा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात तोलणार होते. आयुष्य काट्यावर गेले. शिलकीतून त्यांनी एका कंपनीचे पाचशे शेअर घेतले होते. त्यांचे कागद अम्मीच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली असत. पुढे ते डीमॅट खात्यात गेले, अब्बाही गेले. काही वर्षांपूर्वी कंपनीचे पत्र आले. एक रुपया दर्शनी किमतीच्या दहा शेअरांचा दहा रुपयांचा एक शेअर केला आहे, आता तुमचे शेअर पन्नास. अम्मीने विचारले, "बेटा, साडेचारशे कुणी नेले?"

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचले, ते आज सांगतो.

मुंबईला शेअरचे वेड नवे नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा शेअरांत शिरला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात पोहोचला. 1865 मध्ये युद्ध संपले आणि बाजार कोसळला. लोकांच्या हाती कागद तेवढेच राहिले, किंमत मात्र गेली. आमच्या पत्रात उलटे दिसत होते. कागद कमी झाले होते, पण किंमतही गेली होती का?

या व्यवहाराला शेअरांचे एकत्रीकरण म्हणतात. याचे जगातले एक गाजलेले उदाहरण घडले तेव्हा सूत्रे एका नागपुरात जन्मलेल्या माणसाच्या हाती होती. ते म्हणजे अमेरिकेच्या सिटीग्रुपचे प्रमुख विक्रम पंडित. 2006 च्या अखेरीस या बँकेचा शेअर 55 डॉलरच्या आसपास होता. 2008 चे संकट आले आणि मार्च 2009 मध्ये तो काही काळ एका डॉलरच्याही खाली गेला. बँक वाचवायला अमेरिकी सरकारने 45 अब्ज डॉलर ओतले. नवे शेअर निघत गेले आणि सुमारे पाच अब्जांचे एकोणतीस अब्ज झाले. मे 2011 मध्ये पंडितांच्या कारकिर्दीत दहाचा एक करण्यात आला. साडेचार डॉलरचा शेअर एका रात्रीत पंचेचाळीसचा दिसू लागला.

ज्याच्याकडे शंभर शेअर होते, त्याचे आदल्या दिवशी साडेचारशे डॉलर होते. दुसऱ्या दिवशी शेअर दहा उरले, पण डॉलर जवळपास तेवढेच. मात्र 2006 मध्ये त्याच शंभर शेअरांचे साडेपाच हजार होते. म्हणजे नुकसान एकत्रीकरणाच्या दिवशी झालेच नव्हते. ते आधीच, तोट्यात आणि नव्या वाटेकऱ्यांच्या गर्दीत झाले होते.

मग कंपन्या हे करतात कशाला? न्यूयॉर्कच्या बाजारात शेअर फार काळ एका डॉलरखाली राहिला, तर नोंदणी जाण्याची भीती असते. काही मोठ्या संस्था फार स्वस्त शेअर घेतही नाहीत. भाव भारदस्त दिसतो, पण धंदा सुधारला नाही तर तो भारदस्तपणा फार टिकत नाही.

खरा घाव बसतो तो एकत्रीकरणाच्या जोडीला भांडवल कापले जाते तेव्हा. खाद्यतेलाचा मोठा धंदा असलेली मुंबईची रुची सोया कर्जात बुडाली. डिसेंबर 2019 मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली पतंजलीने ती घेतली. जुन्या भागधारकांच्या शंभर शेअरांचा एक झाला आणि नव्या मालकाला नवे शेअर मिळाले. सुमारे 33 कोटी जुन्या शेअरांचे 33 लाख उरले. कंपनीत त्यांचा वाटा शंभरात जेमतेम एक. व्यवहार थांबले तेव्हा भाव सव्वातीन रुपयांच्या आसपास होता, म्हणजे शंभर शेअरांचे सव्वातीनशे. जानेवारी 2020 मध्ये नवा शेअर सुमारे सतरा रुपयांना उघडला. पुढे बाजारात माल इतका थोडा होता की जूनअखेर तोच शेअर दीड हजारावर गेला. थांबलेल्याचे नशीब फळफळले. घाबरून विकलेल्याच्या हाती सतरा रुपये पडले. शेवटी 2021 मध्ये नियम बदलला. अशी कंपनी पुन्हा बाजारात येताना निदान पाच टक्के शेअर लोकांकडे असले पाहिजेत, असे ठरले.

आपल्याकडे एकत्रीकरणाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. मतांच्या हक्काचे प्रमाण बदलत असेल, तर न्यायाधिकरणाचीही. ते पत्र मात्र इंग्रजीत, बारीक अक्षरात येते आणि लहान भागधारक ते न वाचताच ठेवून देतो. आम्हीही तेच केले होते.

शेवटी अम्मीला मी अब्बांच्याच बाजारातला दाखला दिला. दहा पिशव्यांतले कांदे एका गोणीत ओतले, तर पिशव्या कमी होतात, वजन नाही. आपले कांदे पिशवीत असतानाच सडले होते. साडेचारशे कुणी नेले नाहीत.

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पिशव्या मोजायच्या नसतात, हे तुझ्या अब्बांना ठाऊक होतं. त्यांना पत्र वाचून दाखवणारं कुणी नव्हतं."

तेव्हापासून असे पत्र आले की मी दोनच गोष्टी पाहतो. भाव खाली का आला, आणि सगळ्या कंपनीत आपला वाटा काल किती होता, आज किती उरला.