पाळीच्या कळा आणि त्यांच्या कारणाचा शोध

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘उदावर्तिनी’ नावाची एक व्याधी वर्णिली आहे. तीत वायू उलट दिशेने वर चढतो, रज कष्टाने बाहेर पडते आणि स्राव होताच स्त्रीला तत्काळ आराम वाटतो. वायूची उपपत्ती आज कोणी मानो वा न मानो. स्त्रीचे म्हणणे कोणीतरी नीट ऐकल्याखेरीज असा तपशील ग्रंथात उतरत नाही.

पुढे हे ऐकणे दुर्मीळ झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकातील अनेकजण या वेदनेचे मूळ रुग्णेच्या मनोवृत्तीत शोधत. आपल्याकडे ‘एक मूल झाले की थांबेल’ हे उत्तर पुरेसे मानले जाई. (बाळंतपणानंतर पुष्कळजणींच्या कळा खरोखरच कमी होतात, उत्तर टिकले ते त्यामुळेच.)

कारण सापडले ते विटाळ मानलेल्या स्रावातच. १९५७ साली ब्रिटिश संशोधक व्ही. आर. पिकल्स यांनी मासिक स्रावात स्नायूंना आकुंचित करणारे द्रव्य असल्याचे दाखवले. ते प्रोस्टाग्लँडिन वर्गातले निघाले. गर्भधारणा झाली नाही की प्रोजेस्टेरॉनची पातळी उतरते, गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते आणि त्यातून ही द्रव्ये मोकळी होतात. स्नायू आवळतो, रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू कमी पडतो आणि कळ उठते. मळमळ आणि जुलाब यांमागेही हीच द्रव्ये असतात. १९७१ साली जॉन व्हेन यांनी अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, हे सिद्ध केले. १९८२च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक आम्ल कळ सुरू होताच घेतल्यास गुणकारी ठरतात ते याच तत्त्वावर. जठरव्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. वर्षागणिक वाढत जाणारी वेदना तपासूनच घ्यावी. तिच्यामागे एन्डोमेट्रिओसिस किंवा गर्भाशयातील गाठी असू शकतात.

आता बीड जिल्ह्याकडे वळू. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि एका दिवसाच्या खाड्यालाही दंड बसतो. फडाजवळच्या खोपीत ना शौचालय, ना पुरेसे पाणी. तिथे पाळीच्या दोन दिवसांची विश्रांती घेणार कशी? २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसाठी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय आधीच्या दहा वर्षांत काढले गेले होते. निमित्ते वेगवेगळी होती : पोटदुखी, अंगावरून जाणे, कर्करोगाची घातलेली भीती. अनेकजणींनी तर चाळिशीही ओलांडलेली नव्हती. प्रोस्टाग्लँडिनचा उलगडा होऊन तेव्हा जवळपास अर्धे शतक लोटले होते.

त्याच वर्षी बीडमधील खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. खाड्याचा दंड हा मुकादम आणि मजूर यांच्यातला व्यवहार. तो या नियमाच्या कक्षेबाहेरच राहिला.