कोऱ्या पानाचा इतिहास

इतिहास हा विषय मला शाळेत कधी जमला नाही. पानिपतचं साल मी दर परीक्षेला नव्यानं ठरवत असे. पण उतारवयात तोच विषय माळ्यावरच्या कॉम्प्युटरनं माझ्याकडून घोटून घेतला, त्याची ही हकीकत.

आईच्या पाककृतींच्या वह्या मी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या आणि त्यालाच सर्व्हर करून घरगुती वेबसाइट थाटली होती. भाड्याच्या बंगल्यापेक्षा आपली झोपडी बरी, हा आमचा बाणा! मूळ वह्या पुढे वाळवीनं खाल्ल्या. एके रात्री मला त्यातलं सगळं सॉफ्टवेअर अद्ययावत करायची दुर्बुद्धी झाली. सकाळी मावशीचा फोन.

"अरे, ताईची वही कोरी झाली की रे!"

पाहतो तो खरंच. ना अक्षर, ना चुकीची कबुली. नुसतं धुतलेल्या धोतरासारखं पांढरंशुभ्र पान. आठवड्यावर आईचं वर्षश्राद्ध आलेलं आणि वड्यांचं प्रमाण त्या पानाच्या पोटात!

निदान करायचं तर रोग्याचं कुळ ठाऊक हवं, म्हणून मी कुळकथा वाचायला बसलो. जगातला पहिला वेब सर्व्हर म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतला टिम बर्नर्स-ली यांचा कॉम्प्युटर. साल 1990. त्यावर त्यांनी लाल शाईनं चिठ्ठी चिकटवली होती : हा सर्व्हर आहे, बंद करू नका. अख्ख्या वेबची सुरक्षाव्यवस्था म्हणजे एक चिठ्ठी! मला एकदम आपलेपणा वाटला.

आमच्या माळ्यावर चालतो तो अपाची सर्व्हर. त्याचा जन्म गोधडीसारखा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात रॉब मकूल यांनी एक सर्व्हर लिहिला होता. 1994 मध्ये ते तिथून गेले आणि त्याला वाली उरला नाही. मग ठिकठिकाणचे लोक आपापल्या दुरुस्त्यांची ठिगळं एकमेकांना ई-मेलनं धाडू लागले. 1995 मध्ये त्या ठिगळांचा अपाची झाला. ठिगळाला इंग्रजीत पॅच म्हणतात, म्हणून 'अ पॅची' सर्व्हर अशी कोटीही रूढ झाली. नाव मात्र अपाची या मूळ अमेरिकन लोकांच्या आदरापोटी दिलं, असं संस्था सांगते.

आणि पीएचपी? ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी आपला ऑनलाइन बायोडाटा कितीजण पाहतात हे मोजायला काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. 1995 मध्ये ते जगाला देऊन टाकले. नाव 'पर्सनल होम पेज टूल्स'. स्थळ पाहायला कोण कोण येऊन गेलं याची वही ठेवावी आणि त्या वहीवर निम्मं गाव चालू लागावं, तसं झालं.

घर वाढलं की जुनी दारं बुजवावी लागतात. पूर्वी पीएचपीत पाहुण्यानं पत्त्याच्या ओळीत काहीही लिहिलं तरी ते थेट प्रोग्रॅमच्या स्वयंपाकघरात पोचे. या सोयीचं नाव 'रजिस्टर ग्लोबल्स'. 2002 मध्ये ते दार आपोआप उघडं राहणं थांबलं आणि 2012 मध्ये ते भिंतीत बुजलं. पुढे पाचव्या आवृत्तीनंतर सहावी कधी आलीच नाही. थेट सातवी आली, डिसेंबर 2015 मध्ये. शाळेत मला असं वर चढवलं असतं तर!

एवढं वाचल्यावर कोऱ्या पानाचा अर्थ कळला. घरची भांडणं चारचौघांत नकोत म्हणून सर्व्हर चुका पाहुण्याला दाखवत नाही, माजघरातल्या नोंदवहीत लिहितो. त्या चुका पानावर दिसाव्यात म्हणून 'पीएचपी डॉट आयएनआय' या फाइलमध्ये मी दोन तास बदल केले. परिणाम शून्य! मग उमगलं की या नावाच्या फायली दोन. एक अपाचीची, दुसरी आपण टाइप केलेल्या आज्ञांची. मी दोन तास शेजाऱ्याच्या विजेच्या खटक्याशी खेळत होतो. शिवाय बदलानंतर अपाची पुन्हा सुरू करावा लागतो, ते निराळंच.

शेवटी नोंदवही उघडली. एकच ओळ : 'मायएसक्यूएल-कनेक्ट' नावाचं कोणी इथे राहत नाही. डेटाबेसला हाक मारायची ती जुनी रीत सातव्या आवृत्तीनं हद्दपार केली होती आणि माझी वेबसाइट तिलाच धरून बसली होती. म्हणजे वही शाबूत होती, फक्त कपाटाची किल्ली बदलली होती! नव्या रीतीचं नाव 'मायएसक्यूएल-आय'. यातली 'माय' ही डेटाबेसच्या एका जनकाची, मायकेल विडेनियस यांची मुलगी, आणि शेवटचं 'आय' म्हणजे सुधारलेलं. ते काही असो, माझ्या कानाला तिथे दोन्हीकडून आईच ऐकू आली.

नुसतं अक्षर जोडून भागत नाही. नव्या रीतीत आधी जोडणी सांगायची, मग प्रश्न. पूर्वी उलटं होतं. सगळ्या ओळी उलटवेपर्यंत पहाटेचे तीन वाजले. पान उघडलं. वड्यांचं प्रमाण जागच्या जागी होतं आणि खाली आईचा शेरा : 'तिखट बेतानं. ह्यांना सोसत नाही.'

सकाळी मावशीला कळवलं. ती म्हणाली, "दिसलं बाबा. पण ताईचं मिठाचं प्रमाण चुकलंय हो."

ती चूक मात्र मी दुरुस्त करणार नाही. माळ्यावरच्या कॉम्प्युटरला लाल शाईची चिठ्ठी तेवढी लावली आहे.