पन्नास पावलांची जमीन

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर हिंदी महासागरात एक ठिपका आहे. तो मॉरिशस. क्षेत्रफळाने हे बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. परंतु २०१८ या एका वर्षात तेथे सुमारे चौदा लाख प्रवासी येऊन गेले. म्हणजे घरच्या माणसांपेक्षा पाहुणेच जास्त!

यांतले पुष्कळ पाहुणे समुद्रकाठच्या व्हिलांमध्ये उतरतात. समजा, तुम्हीही उतरलात. विमानातून उतरून तुम्ही बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, ल मॉर्न नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी आलात. तुमची व्हिला गवताने शाकारल्यासारखी दिसते. पुढे पोहण्याचा तलाव, त्यापलीकडे पांढरी वाळू आणि सुरूची झाडे, आणि प्रवाळाच्या भिंतीआड शांत निजलेले निळे पाणी. सकाळी न्याहारी दाराशी येते. आता सांगा पाहू, हे सगळे पाहताना मनात कोणता प्रश्न येईल? बहुतेकांच्या मनात भाड्याचा आकडा येईल. पण इतिहासाच्या अभ्यासकाला दुसराच प्रश्न पडतो : ही जमीन कोणाची?

उत्तर मोठे मौजेचे आहे. मॉरिशसवर १७१५ साली फ्रेंचांनी ताबा मिळवला. त्यांनी एक नियम घातला की, किनाऱ्यालगतची पन्नास 'भूमितीय पावले' रुंदीची पट्टी कोणालाही विकायची नाही. एक पाऊल म्हणजे पाच फ्रेंच फूट. आजच्या हिशेबाने ही पट्टी सुमारे ८१ मीटरांची होते. कारण उघड होते. शत्रूचे गलबत दिसले तर तोफा मांडायला, सैन्य हलवायला किनारा मोकळा हवा. १८०७ साली गव्हर्नर दकॅं याने हा नियम पुन्हा पक्का केला. तीनच वर्षांनी, १८१० मध्ये, इंग्रजांनी बेट जिंकले. तोफा गेल्या, राज्य गेले, पण पन्नास पावलांची पट्टी मात्र सरकारची राहिली. पुढे श्रीमंत घराण्यांनी ती भाडेपट्ट्याने घेऊन तिच्यावर सुटीतले बंगले बांधले, आणि त्यांच्यामागून हॉटेले आली. तेव्हा तुमच्या व्हिलेची पायरी बहुधा या तोफांच्या जागेवरच आहे.

आता मान वर करून डोंगराकडे पाहा. ल मॉर्नची उंची ५५६ मीटर. कडे तुटलेले, वाट अवघड. म्हणूनच उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम येथे लपत असत. हे लोक आफ्रिकेतून आणि मादागास्करहून धरून आणलेले होते, आणि त्यांत हिंदुस्थानातून नेलेलेही होते. इंग्रजी अमलात १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ती वार्ता सांगायला शिपायांची तुकडी डोंगरावर गेली, आणि आपल्याला धरायलाच आले असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका तेथे सांगतात. तिला कागदाचा पुरावा नाही, परंतु लोकांच्या आठवणीत ती पक्की आहे. २००८ साली युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारसा ठरवले ते स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या या माणसांसाठी.

गुलाम मुक्त झाले. नुकसानभरपाई मिळाली ती मात्र मालकांना, सुमारे वीस लाख पौंड! आणि ऊस तोडायला नवी माणसे हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर आले. पुढच्या सुमारे आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या सोळा. आज त्याही जागतिक वारशात आहेत.

या लोकांत आपलीही माणसे होती बरं का! कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, आणि कोकणातली गरीब कुळे त्यांत बसत. करार पाच वर्षांचा, पुरुषाला पगार दरमहा पाच रुपये. एक दिवस कामावर नाही आला तर दोन दिवसांची मजुरी कापत. मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर जवळ परवाना हवा. तो नसेल तर भटक्या म्हणून पकडून तुरुंगात! यांतली पुष्कळ मराठी कुटुंबे पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात स्थिरावली. ल मॉर्न त्याच जिल्ह्यात येतो. तेथल्या कास्कावेल गावात मराठ्यांचे देऊळ आहे. घरातली बोली हळूहळू क्रिओल झाली, पण गणपती टिकला, आणि कोकणातली जाखडी 'झाकरी' या नावाने टिकली. गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुटी असते.

या मजुरांच्या झोपड्या कशाने शाकारत? उसाच्या पाचटाने. आणि आज महागड्या व्हिलांवर जे देखणे छप्पर दिसते, ते पुष्कळ ठिकाणी कशाचे असते? त्याच पाचटाचे! पाचट तेच, पण पूर्वी ते गरिबाची लाज झाकीत होते आणि आता श्रीमंताची हौस पुरवते.

मग हा पालट झाला कसा? स्वातंत्र्यापूर्वी बेटाची सारी मदार साखरेवर होती. १९६१ च्या सुमारास जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने या देशाची पाहणी केली, आणि वाढती लोकसंख्या व एकच पीक पाहून काळजीचा सूर लावला. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. दांडीयात्रा निघाली तोच हा दिनांक, आणि तो मुद्दाम निवडलेला! नव्या राज्यकर्त्यांनी साखरेच्या जोडीला कापडाचे कारखाने आणि प्रवासी यांचा आधार घेतला. १९७५ साली पूर्व किनाऱ्यावर 'ल सें जेराँ' हे आलिशान हॉटेल उघडले, आणि त्या धर्तीची इतर हॉटेले निघत गेली. २००२ मध्ये सरकारने एक योजना काढली. तिच्यामुळे परदेशी माणसालाही व्हिला विकत घेता येऊ लागली. किमान किंमत ठेवली होती पाच लाख डॉलर. साखरेचा भाव उतरू लागला तशा मळेवाल्यांनी उसाच्या काही जमिनीवरही व्हिला उठवल्या. मीडची भीती खरी ठरली नाही. ज्यांचे आजे-पणजे कोयता घेऊन राबले, त्यांच्या नातवंडांना हॉटेलांत नोकऱ्या मिळाल्या. याला कमी लेखून चालणार नाही.

परंतु प्रश्न उरतोच. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू कायद्याने सर्वांची आहे. तरी किनाऱ्यावर ओळीने हॉटेले उभी राहिली की वाळूपर्यंत जायची वाट कोठून? रविवारी डबे घेऊन, सुरूच्या सावलीत बसायला येणारी कुटुंबे कोठे बसणार? दक्षिणेकडचा पॉम्पोनेट हा सार्वजनिक किनारा हॉटेलासाठी द्यायचे ठरले, तेव्हा २०१६ नंतर लोकांनी त्याला उघड विरोध केला. त्यांच्या मागणीचा अर्थ साधा होता : ज्या पूर्वजांना परवान्यावाचून हलता येत नव्हते, त्यांच्या वंशजांना समुद्राशी जाताना पुन्हा कोणी अडवू नये.

आणि समुद्रावर संकट आले तेव्हा धावले ते हेच लोक. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' नावाचे जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडले. तेल अडवायला गावोगावच्या माणसांनी कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या. त्यांत काय भरले म्हणता? उसाचे पाचट! झोपडीवर असलेले, मग व्हिलेवर गेलेले पाचट आता सागराच्या राखणीला आले.

तेव्हा मॉरिशसला जा, चार दिवस सुखाने राहा. विश्रांती घेणे हे काही पाप नव्हे. मात्र सुटीतला एक दिवस पोर्ट लुईच्या सोळा पायऱ्यांसाठी ठेवा आणि एक कास्कावेलच्या देवळासाठी. किनाऱ्यावर एखादे कुटुंब बसलेले दिसले तर ते पाहुण्यांच्या जागेत आले आहे असे समजू नका. ती पन्नास पावले फ्रेंचांनी तोफांसाठी राखली होती. तोफा गेल्यावर त्यांच्यावर पहिला हक्क तेथल्या माणसांचाच आहे. आपण तेथे पाहुणे, आणि पाहुण्याने घर कोणाचे हे विसरू नये, एवढे तर आपल्याला घरीच शिकवलेले असते.