तपकिरी रंगाचा अर्थ : इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या वाचनाचा इतिहास

ऊतीच्या पातळ छेदावर प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिन शोधण्याच्या पद्धतीस इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. तिचा इतिहास बहुधा तंत्रप्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः रंग उमटला अथवा उमटला नाही, याचा अर्थ कोणता लावावा, हाच त्यातील खरा प्रश्न होय.

हार्वर्डमधील अल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१-४२ मध्ये प्रतिपिंडास प्रतिदीप्त रंजक जोडून न्यूमोकॉकसचे प्रतिजन ऊतीत दाखविले. १९६६ मध्ये नाकाने व पियर्स यांनी रंजकाऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर वापरले आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा तपकिरी रंग निदानात आला. १९७४ मध्ये ऑक्सफर्डच्या टेलर व बर्न्स यांनी फॉर्मॅलिनमध्ये राखून पॅराफिनमध्ये बसविलेल्या ऊतीवर ही पद्धत यशस्वी केली. रुग्णालयांतील जुने पॅराफिनचे ठोकळेही त्यामुळे अभ्यासकक्षेत आले. पुढील वर्षी कोलर व मिलस्टाइन यांच्या एकक्लोनी प्रतिपिंडांनी शोधाला नेमकेपणा दिला.

अडचण फॉर्मॅलिनचीच होती. ते प्रथिनांत बंध निर्माण करून प्रतिजन झाकून टाकते. म्हणजे प्रथिन असूनही छेद कोराच राहतो. १९९१ मध्ये शी व सहकाऱ्यांनी छेद द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये तापविण्याची रीत मांडली आणि झाकलेली प्रतिजने पुन्हा उघडी झाली. या रीतीचे कौतुक झाले ते योग्यच; मात्र तोवर दिलेल्या कित्येक 'नकारात्मक' निष्कर्षांचे काय, हा प्रश्न त्यामानाने कमी विचारला गेला. शिवाय उष्णतेमुळे यकृत व मूत्रपिंडातील नैसर्गिक बायोटिनही उघडे पडून फसवा रंग देऊ शकते. म्हणूनच नियंत्रण-छेदाशी तुलना केल्याविना कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या औषधास मान्यता मिळाली आणि स्तनाच्या कर्करोगात हर-२ प्रथिनाचा रंग थेट उपचार ठरवू लागला. पेशीपटलाचा पूर्ण व तीव्र रंग १० टक्क्यांहून अधिक पेशींत असल्यास त्यास ३+ मानले जाई. २००७ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी ही मर्यादा ३० टक्के केली, तर २०१३ मध्ये ती पुन्हा १० वर आणली. छेद तोच, रंगही तोच; बदलला तो निकष. २०२२ मध्ये नव्या औषधास मान्यता मिळताच पूर्वी सरसकट नकारात्मक गणला जाणारा १+ हा निष्कर्षही उपचारयोग्य ठरला. त्यामुळे शून्य व १+ यांतील पुसट सीमारेषा, जी आखण्यासाठी ही चाचणी मुळात घडविलेलीच नव्हती, ती आता विकृतिशास्त्रज्ञाला नुसत्या नजरेने ठरवावी लागते.